घर दात खातं

१

बाईंना त्यांच्या घरानं ढकललं होतं. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि त्या गणिताच्या बाई असल्यामुळे ऐकणाऱ्याची पंचाईत होत होती. कविता शिकवणाऱ्या असत्या तर लोकांनी मान डोलावून विषय बदलला असता.

सकाळी शाळेची गडबड चाललेली असताना त्यांची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, वेणीचं रबर शोधत खोलीबाहेर आली आणि जिन्याच्या तोंडाशी थबकली. खाली आई आडवी पडली होती. मनगट भलतीकडे वळलेलं, कपाळावर टेंगूळ, चष्मा लांब उडालेला. डोळे मात्र टक्क उघडे. चिमणी धावत खाली आली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पायरी तिथं नव्हती गं."

आता बाई हॉस्पिटलच्या खाटेवर हात प्लास्टरमध्ये घालून बसल्या होत्या. समोरच्या स्टुलावर एक उंच, वाळका म्हातारा गुडघे जवळ घेऊन बसला होता. शेजारी काळा कोट हातावर टाकून बाईंची वकील उभी होती. म्हातारा तिचा मामा. त्याचं आयुष्य इमारती मोजण्यात गेलं होतं. भिंत कुठं कलली, पाया कुठं खचला, हे सांगायचं काम. ऑफिसात त्यांना ओळंबा म्हणत. गवंडी दोरीला टांगतो त्या वजनासारखे ते सरळ होते, आणि तितकेच मुके. भाची मामा म्हणायची. आपणही मामाच म्हणू.

"घर कलतंय का, तेवढं बघून द्या मामा," भाची म्हणाली.

"कललं असेल तर सांगेन. नसेल तर काय सांगू?"

"नसेल तर आपण बुडालो." भाचीनं आवाज खाली आणला. "पुढच्या तारखेला कोर्ट ठरवणार, घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत त्या घरात कोण राहील ते. नवऱ्यानं दुकानावरच्या खोलीत जावं, असा आपला अर्ज आहे. त्यांचा वकील म्हणतो, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. त्यांनीच भावाकडे जाऊन विश्रांती घ्यावी, मुलगी इथंच राहू दे. एकदा या आपल्या पायानं बाहेर पडल्या की परत आत शिरणं कठीण. आणि चिमणी गेली हातातून."

मामांनी बाईंकडे पाहिलं. "नक्की काय होतं घरात?"

"जमीन वर चढत जाते," बाई म्हणाल्या. फळ्यावर पायरी मांडावी तशा ठाम आवाजात. "आपला अर्ज गेला त्यानंतर सुरू झालं. दार उघडून आत गेलं की थोड्या वेळानं वाटतं, आपण चढावर उभे आहोत. भिंती अंगावर येतात. मी चिमणीची गोटी जमिनीवर ठेवून पाहिली. डोळ्यांना सरळ सरळ उतार दिसत होता, मामा, आणि गोटी उतारावर उभी होती. हलत नव्हती. गोटी घरंगळली असती तर मी घाबरले नसते."

मामांनी स्टूल जरा पुढे ओढलं.

"सतत होतं असं?"

"नाही ना. आठवडाभरात हळूहळू निवळतं. मला वाटतं, गेलं एकदाचं. जीव भांड्यात पडतो. सासूबाईंना सांगते, आई, आज घर सरळ आहे हो. त्या पाठीवरून हात फिरवतात. दुसऱ्याच दिवशी शाळेतून यावं, तर आधीपेक्षा जास्त कललेलं. जसं काही घरानं ऐकलं."

"घराबाहेर?"

"बाहेर काही नाही. म्हणजे..." बाई घुटमळल्या. "बाहेर पडल्यावर थोडा वेळ रस्ता उलट्या बाजूला उतरतो. मग सरळ होतो. इथं आणलं तेव्हा हा वॉर्डही तसाच उतरत होता." त्यांनी भाचीकडे पाहिलं. "हे मी कोर्टात सांगायचं का?"

"अजिबात नाही," भाची म्हणाली.

२

घर एका शांत गल्लीच्या टोकाला होतं. दुमजली, रंग उडालेलं, पण मामांनी नुसत्या नजरेनं जोखलं, हाडापेरानं धट्टंकट्टं. कलणाऱ्या घराच्या खिडक्यांना तिरपे तडे जातात. इथं एक नव्हता.

दार चिमणीनं उघडलं. मामांनी चपला काढल्या, आत पाऊल टाकलं, तर ती तशीच आडवी उभी.

"आजोबा, चष्मा."

"काय?"

"बाहेरचा चष्मा आत चालत नाही आमच्यात." तिनं बोट दाखवलं. दाराशेजारी भिंतीवर लाकडी फळी, तिला खुंट्या, खुंट्यांवर चष्मे. "बाबांच्या बाबांचा नियम. चष्म्याचं दुकान ना आमचं. रस्त्याची धूळ काचेवर घेऊन घरात यायचं नाही. चपला खाली, चष्मा वर, आणि घरचा घालायचा. पाहुण्यांना माफ आहे, पण विचारावं लागतं."

"मग विचार."

"माफ," चिमणी गंभीरपणे म्हणाली आणि बाजूला झाली.

मामांनी पिशवीतून पाणसळ काढली, ती काचेची नळी, जिच्यात बुडबुडा मध्यभागी थांबला की जमीन समपातळीत. बैठकीत ठेवली, स्वयंपाकघरात ठेवली, जिन्याच्या एकेका पायरीवर ठेवली. बुडबुडा प्रत्येक वेळी शहाण्या मुलासारखा मध्यभागी येऊन बसला. पायऱ्यांची उंची सारखी. कठडा घट्ट. मामांना वाटलं, आपल्याला उगाच बोलावलं. दुसरा कोणी असता तर एव्हाना काही सापडलं असतं. आपल्याला काय, बुडबुडा सांगेल तेवढंच कळतं.

स्वयंपाकघरात सासूबाई होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, पाय फेंगडे झालेल्या. शेगडीवर तव्यात जाडं मीठ तापत होतं.

"गुडघ्यांना शेकते," त्या म्हणाल्या. "बसा हो भाऊ. घर सापडलं का तिरकं?"

"नाही."

"मला माहीतच होतं. माझ्या हयातीत नाही हललं ते." त्यांनी उलथन्यानं मीठ परतलं. "पोर गुणाची आहे हो माझी सून. मुलाची बाजू घ्यायला हवी मी, पण नाही घेता येत. अर्ज आला त्या दिवसापासून बोलले नाहीये मी त्याच्याशी. म्हटलं, बायको टिकवता आली नाही, आता आईशी काय बोलतोस? पण पोरीचं मन थकलंय. भावाकडे जाऊन चार दिवस राहू द्या तिला. शांत होईल."

त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मामांनी मान हलवली. मग बाहेर येऊन चिमणीजवळ जिन्यावर टेकले.

"तुला दिसतं का गं घर तिरकं?"

"दिसत नाही." चिमणीनं वेणीचं टोक तोंडात धरलं. "पण ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"शनिवारी माझी अर्धी शाळा असते. आईची पूर्ण असते. मी पुढच्या खोलीत अभ्यास करते ना, तेव्हा मागून येतो आवाज. कर्र, कर्र. थांबतो. परत कर्र. आजीला विचारलं तर ती म्हणाली, मला नाही बाई ऐकू आलं." तिनं मामांकडे न पाहता सांगितलं. "घर दात खातं, आजोबा. झोपेत माणसं खातात ना, तसं. मी आईला सांगितलं, तेव्हापासून ती जास्तच घाबरते."

३

चष्मेवाला, म्हणजे बाईंचा नवरा, दुकानाच्या गल्ल्यावर बसून काच पुसत होता. देखणा माणूस, कपाळावर घडी नसलेला.

"मापं घेऊन झाली? मग आता सांगा तुमच्या भाचीला. घर ठीक आहे, बिघडलंय ते दुसरंच काही."

"तुम्हाला त्या घरातून जायला लागलं तर?"

"का जाऊ? घर माझ्या नावावर आहे." मग जरा थांबून, "हे बघा काका, ती गेली तर मला बरं, हे मी नाकारत नाही. तुमच्यासमोर साधूचा आव कशाला आणू? पण मी काही केलेलं नाही. मधे आठवडाभर मी भिंगांच्या कारखान्याकडे गेलो होतो, परगावी. त्याच दिवसांत ती सगळ्यात जास्त बिथरली. शाळेतून येऊन भिंत धरून बसली होती. चिमणीनं फोनवर सांगितलं मला. मी काय तिथून घर हलवलं?"

हे खरं होतं. भाचीनं आधीच खात्री करून घेतली होती.

दुकानाच्या मागे कामाची जागा होती. तिथं बाईंची नणंद काम करत होती. भावासारखीच देखणी, पण तिला वेळ नव्हता म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नसतं. फिरत्या दगडावर ती भिंगाची कड घासत होती. यंत्राचा आवाज बारीक, सुईसारखा.

"मला विचारू नका. त्या घरात पाऊल टाकलेलं नाही मी महिनोन्महिने," ती म्हणाली. "वहिनीशी भांडण झालं. चूक माझी होती, पण आता कोण वाकणार?"

तिनं भिंगावर शाईनं एक ठिपका केला आणि तो उजेडात धरला.

"हा कशाला?"

"हा भिंगाचा मध्य. डोळ्याच्या बाहुलीसमोर हाच यायला हवा. साध्या नंबरात थोडं इकडेतिकडे चालतं. मोठा नंबर असला आणि ठिपका सरकला, तर गिऱ्हाईक थेट गटारात." ती पहिल्यांदाच हसली. मग चौकट तिनं एका पातेल्यात खुपसली. त्यात बारीक गरम वाळू होती. बाहेर काढली तेव्हा चौकट मऊ झाली होती. भिंग अंगठ्यानं दाबताच आत बसलं. "वाळू नाहीतर मीठ. आईनं शिकवलं. बाबा पुढे बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे. भिंगं सगळी आई घासायची, घरी मागच्या खोलीत, हातानं दगड फिरवून. दुकान बाबांच्या नावानं चाललं, घर दादाच्या नावावर झालं."

"आणि आईच्या?"

नणंदेनं खांदे उडवले.

मामांनी माडीवरची खोली पाहायला मागितली, जिथं चष्मेवाल्याला जावं लागलं असतं. वर जायला शिडीसारखा उभा लोखंडी जिना. खोलीत एक कॉट, एक कपाट, आणि उभं राहायला जागा. मामांनी सवयीनं मापं घेतली, मग मधेच थांबले. खाली येऊन चष्मेवाल्याला विचारलं, "तुम्ही वर आलात तर आई कुठं राहतील?"

"आई? माझ्या बहिणीकडे जाईल की."

नणंदेला विचारलं.

"माझ्याकडे? दोन खोल्या, चार माणसं. दादाबरोबर राहील ती."

रस्त्यावर येऊन मामांनी भाचीला फोन लावला. "अर्जात सासूबाईंचं काय लिहिलंयस?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग भाची म्हणाली, "काही नाही. त्यांचं कुणी काही विचारलंच नाही, मामा."

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा पुन्हा त्या घरी गेले. का गेले, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. पाणसळ खोटं बोलत नाही, पण ती फक्त जमिनीचं बोलते. त्यांनी जिन्याच्या पोकळीत वरच्या कठड्याला दोरी बांधली आणि तिच्या टोकाला पितळी ओळंबा सोडला. ओळंबा थोडा घुटमळला, शांत झाला.

दोरी सरळ होती. अर्थातच सरळ होती.

मामा खालच्या पायरीवर बसले. मान दुखत होती म्हणून त्यांनी ती एका बाजूला टेकवली. आणि दोरी तुटली.

म्हणजे तसं वाटलं. दोरीचा वरचा भाग जागेवर, आणि खालचा भाग बोटभर बाजूला सरकून लोंबकळत होता. मामांनी मान सरळ केली. दोरी जुळली. पुन्हा कलती केली, पुन्हा तुटली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की मान वाकवल्यावर ते चष्म्याच्या कडेतून बघत होते. दोरीचा वरचा भाग काचेबाहेरून दिसत होता, खालचा काचेच्या कडेतून.

ओळंबा जागचा हलला नव्हता. घरही नाही. हललं होतं ते काचेत.

ते उठून दारापाशी गेले. खुंट्यांवरच्या चष्म्यांत एक रुंद, जुनाट, तपकिरी चौकटीचा चष्मा होता. "हा आईचा घरचा," चिमणी मागून म्हणाली. "लग्न झालं तेव्हाचा. बाबांनी हजारदा सांगितलं बदल म्हणून. दारात आली की बाहेरचा काढते, हा घालते. काढायचा तो झोपताना."

मामांनी तो चष्मा दोरीसमोर धरला. भिंगाच्या मध्यातून पाहिलं.

दोरी अखंड होती. कुठं तुटत नव्हती, सरकत नव्हती. चष्मा निर्दोष होता.

मामा खाली बसले. म्हणजे आपण पुन्हा चुकलो. असंच होतं आपलं. त्यांनी निराश होऊन चष्मा उलटा केला, आणि चौकटीच्या कोपऱ्यात बारीक तडा दिसला. तडा ताजा होता, आतला रंग अजून उजळ. त्यावर डिंकासारखं काही घट्ट बसवलेलं. जिन्यावरून उडालेला चष्मा फुटला होता, आणि कोणीतरी तो जोडून खुंटीला परत लावला होता. काचांवर मात्र जुन्या, वर्षानुवर्षांच्या बारीक ओरखड्यांखेरीज एकही नवा चरा नव्हता. दगडी फरशीवर आपटून चौकट फुटते आणि काच कोरी राहते, हे कसं?

"चिमणे, हा चष्मा दुकानात नेला होता का गं?"

"नाही. आत्यानं तिथून फोन करून विचारलं, वहिनीचा चष्मा फुटला का म्हणून. मी सांगितलं, आजीनं उचलून ठेवला."

स्वयंपाकघरातून तव्यावर मीठ परतल्याचा आवाज येत होता.

५

सासूबाई मीठ फडक्यात बांधत होत्या. मामा दारात उभे राहिले. काय बोलावं ते त्यांनी मनात तीनदा घोळवलं आणि तरी ते भलतंच निघालं.

"गुडघ्यांना आराम पडतो का?"

"कुठला पडायला."

"मग हे चष्म्याची चौकट मऊ करायला असेल."

सासूबाईंनी गाठ मारली, मग सोडली. चेहऱ्यावर काही बदललं नाही. "बसा भाऊ," त्या म्हणाल्या.

मामा बसले. "मला नीट बोलता येत नाही, आजी. चुकलं तर सांगा. तुमच्या सुनेचा नंबर मोठा आहे. भिंगाचा मध्य बाहुलीसमोरून सरकवला, दोन्ही काचांत एकाच बाजूला, तर जमीन चढ झालेली दिसते. फक्त घरात, कारण तो चष्मा फक्त घरात. दिवसभर तो खुंटीवर असतो आणि त्या शाळेत. डोळा काही दिवसांत सवय करून घेतो. मग घर सरळ दिसायला लागतं, आणि बाहेरचा चष्मा घातला की थोडा वेळ रस्ताच उलटा उतरतो. घर सरळ झालं हे त्या एका माणसालाच सांगायच्या. आणि लगेच नवी काच बसायची, आधीपेक्षा जास्त सरकवलेली. हे मुलानं केलं असतं, तर घर सरळ झाल्याचं त्याला तुम्ही सांगायला हवं होतं, पण तुम्ही त्याच्याशी बोलत नाही. आणि तो परगावी असताना घर सगळ्यात जास्त कललं. मुलगी या घरात पाऊल टाकत नाही. भिंगं घासता येतात ती तुम्हा तिघांनाच."

"तो घासत नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्याला काय येतंय? बापावर गेलाय, नुसता बोलतो. आम्ही दोघीच." त्या उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत मागच्या खोलीत गेल्या आणि बटणांचा जुना डबा घेऊन आल्या. डब्यात बटणांखाली भिंगांच्या जोड्या होत्या. प्रत्येक जोडी वेगळ्या चिंधीत, बाळाचं अंग पुसावं तशी पुसून गुंडाळलेली. शेवटच्या जोडीतलं एक भिंग टवका उडालेलं होतं.

"तिच्या नंबराची भिंगं दुकानात वेळेवर मिळत नाहीत. म्हणून कोरी आणून ठेवलेली असतात कपाटात," त्या म्हणाल्या, जणू पाहुण्याला घर दाखवत होत्या. "ही पहिली. जरासं सरकवलं. तिला कळलंही नसेल, नुसतं अंग जड वाटलं असेल. मग ही. मग ही. ही शेवटची तिच्याबरोबर पडली, तेव्हा काढून तिची जुनीच परत बसवली. डोळा फार लबाड असतो भाऊ. कशाचीही सवय करून घेतो. मला नाही का झाली या घराची?"

"त्या मेल्या असत्या, आजी."

"पडेल असं नव्हतं वाटलं." त्यांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. "वाटलं होतं, कंटाळेल. भावाकडे जाईल. मग खटला चालेल वर्षं न वर्षं, तसाच चालू दे. तोवर मी मरेन. माझ्या हातांनी घासलेल्या काचांवर उभं राहिलंय हे घर. अर्ज आला, सगळ्यांनी वाचला. मुलगा कुठं जाईल ते लिहिलं होतं. नात कुठं राहील ते लिहिलं होतं. मी चष्मा लावून दोनदा वाचला. मला वाटलं, एखादी ओळ माझ्या डोळ्यांतून निसटली असेल."

मागच्या खोलीत, उघड्या दारातून, मामांना हातानं फिरवायचा दगड दिसला. चिमणी त्याच्याजवळ उभी होती. तिनं मूठ धरून तो एकदा फिरवला. कर्र. तिनं हात असा मागे घेतला, जणू चावला.

६

कोर्टात फार वेळ लागला नाही. भाचीनं भिंगाची एक जोडी न्यायाधीशांपुढे ठेवली. त्यांचाही नंबर मोठा होता. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरून खोलीभर नजर फिरवली, आणि मग दुसऱ्या हातानं टेबलाची कड पकडली. बाईंच्या डोक्याबद्दल पुन्हा कोणी काही बोललं नाही. चष्मेवाल्यानं माडीवरच्या खोलीत जावं, बाई आणि मुलीनं घरात राहावं, असं ठरलं. पोलिसांत तक्रार द्यायची का, असं भाचीनं विचारलं तेव्हा बाईंनी नुसती मान हलवली. नको.

चष्मेवाला सकाळीच बॅगा घेऊन गेला. जाताना आईपुढे उभा राहिला. "मला खरंच माहीत नव्हतं," असं काहीतरी पुटपुटला. आई त्याच्याशी बोलली नाहीच.

दुपारी भाची आणि मामा बाईंना घेऊन घरी आले. सासूबाई बैठकीतल्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. पायाशी एक वळकटी आणि तो बटणांचा डबा. बाहेर नणंद रिक्षा थांबवून उभी होती. दोन खोल्यांत पाचवं माणूस कसं बसवायचं, याचा हिशोब तिच्या कपाळावर दिसत होता, पण आली होती. चिमणी जिन्यावर बसून सगळ्यांकडे पाहत होती.

बाई सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या. मामांना वाटलं आपण बाहेर जावं, पण पाय निघेना.

"आई, तुम्ही मला विचारायचं होतंत," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मी तुझ्याजवळ राहू का, एवढंच. चार शब्दांचं काम होतं. दगड फिरवायला लागला नसता."

"आणि तू नाही म्हणाली असतीस म्हणजे?"

"असं का वाटलं तुम्हाला? मी कधी वाईट वागले?"

"नाही. कधीच नाही." सासूबाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत ना राग होता, ना लाज. "पण तुझ्या जागी मी असते तर नाही म्हटलं असतं. मुलगा गेला, त्याची आई कशाला ठेवायची? माणूस आपल्यावरनंच जग ओळखतं."

बाईंनी प्लास्टरमधला हात दुसऱ्या हातानं धरला.

"आता विचारा."

"काय?"

"आता विचारा मला."

सासूबाईंचे ओठ हलले. या घरात आयुष्य काढलेल्या बाईला तिथं राहायची परवानगी मागायला किती जड जातं, ते मामांना पाहवेना. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मागून आवाज आला, हलका, लहान मुलीसारखा.

"मी राहू का इथं?"

रिक्षाच्या इंजिनाची धडधड तेवढी ऐकू येत होती.

"पडायच्या दोन दिवस आधी विचारलं असतंत तर हो म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "घर सरळ दिसतंय म्हणून तुम्हाला सांगायला आले होते ना, तेव्हा. तुम्ही पाठीवरून हात फिरवत होतात. तेव्हा तर आनंदानं हो म्हटलं असतं." त्या थांबल्या. "आता नाही."

सासूबाई हलकेच मान डोलवत राहिल्या, बरोबर आलेलं उत्तर ऐकावं तशा. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या, डबा काखेत मारला, सुनेच्या अगदी जवळ गेल्या आणि तिच्या गालावरून बोटं फिरवली.

"शाबास," त्या म्हणाल्या. "आता खरी या घराची झालीस."

त्या वळल्या आणि कोणाचा हात न घेता निघाल्या. नणंदेनं वळकटी उचलली. फेंगड्या पायांचा आवाज ओट्यावरून, मग पायऱ्यांवरून, मग रस्त्यावरून ऐकू आला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

बाई होत्या तिथंच उभ्या होत्या. जिथं बोटं फिरली होती तिथं त्यांनी गाल पुसला, मग पुन्हा पुसला.

"दार लाव गं चिमणे," त्या म्हणाल्या.

चिमणी उठली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात उभी राहिली. रिक्षा गल्लीच्या टोकाला वळली, दिसेनाशी झाली. तरी तिनं दार लावलं नाही, आणि बाईही दुसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.